झाडू शिक्षा कधीपासून झाली?

३ ऑक्टोबर २०२३. नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज. आदल्या ४८ तासांत तिथं ३१ माणसं मेलेली. त्यातली २४ पहिल्याच २४ तासांत, आणि त्या २४ मधली १२ नुकती जन्मलेली लेकरं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले. घाणेरडा संडास पाहिला. प्रभारी अधिष्ठात्याच्या हातात झाडू दिला. कॅमेरा चालू होता. आदिवासी समाजातल्या त्या डॉक्टरानं संडास धुतला, आणि तो व्हिडिओ गावोगाव फिरला.

नांदेड आम्हाला परकं नाही. रिसोडच्या ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी मिळाली की पेशंट वाशीमला, तिथून अकोल्याला, नाहीतर हिंगोलीवरून नांदेडला. म्हणजे ती लेकरं आमचीही असू शकत होती. तरी आमच्याच पोरांनी मोबाईल पुढं करून म्हटलं, "पाय बे, कशी जिरवली सायबाची!"

काय जिरवली? कोणाची जिरवली?

मित्रांनो, जरा थांबून विचार करा. संडास साफ करणं ही शिक्षा कधीपासून झाली? शिक्षा असेल तर आपल्या मेहतर-भंगी भावांनी, आपल्या माय-मावश्यांनी पिढ्यान् पिढ्या कोणता गुन्हा केला होता? खासदारानं झाडू दिला तो स्वच्छतेसाठी दिला नाही. स्वच्छता पाहिजे होती तर सफाई कामगारांची किती पदं रिकामी आहेत हे त्यानं विचारलं असतं, पाणी किती तास येतं हे विचारलं असतं. त्यानं झाडू दिला तो माणसाला खाली पाडायला. ज्या देशात झाडू हातात दिला की माणूस खाली पडतो, त्या देशाचं नाव जात आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता मेली म्हणतात. ती त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर झाडू घेऊन उभी होती.

अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. बरोबरच झालं. पुढं ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच पाटील राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. जाब विचारणाऱ्याला बक्षीस.

आता दुसऱ्या बाजूला या. ही बाजू आपल्याला जास्त टोचणार आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

व्हिडिओनंतर आपले काही कार्यकर्ते म्हणाले, डॉक्टर आपला माणूस हाय, आता मेलेल्यांचं काढू नका. काहून काढू नका? अधिष्ठात्याचा अपमान झाला हे खरं. बारा लेकरं मेली हेही खरं. एका खऱ्यानं दुसरं खरं गिळायचं का? एका मेलेल्या बाळ-बाळंतिणीच्या नातेवाइकानं तक्रार दिली, अधिष्ठात्यावर आणि आणखी एका डॉक्टरवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. तो नातेवाईक काय आपला दुश्मन? तो तर आपल्यातलाच. गरिबाशिवाय सरकारी दवाखान्यात मरायला येतो कोण?

आणि तिसरे ते भले लोक. त्यांची दया फार. डॉक्टर बिचारे, खाटा ५०० आणि पेशंट त्याहून किती जास्त, औषधं नाहीत, नर्सा नाहीत. सगळं कबूल. पण ही दया बाळंतीण कळा देत असताना तिच्या अंगावर खेकसणाऱ्याला लागू होते का? ड्यूटीच्या वेळी बाहेर स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्याला? असल्या दयेचं पांघरूण आम्ही ओळखतो. बड्या घरच्या पेशंटला तिथं जायचंच नसतं, म्हणून त्यांना दया करायला परवडते.

मी डाळ मिलमध्ये तुरीची पोती उचलतो. पोतं फाटलं, डाळ सांडली, की हमालाच्या मजुरीतून पैसे कापतात. पोतंच सडकं होतं, हे कोणी विचारत नाही. भंडाऱ्याला तेच झालं. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली, १० लेकरं गेली. सिव्हिल सर्जन निलंबित झाले, कंत्राटी नर्सांना काढून टाकलं, पुढं दोन नर्सांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. आग विझवायची धड सोय नसताना त्या इमारतीत लेकरं ठेवायला परवानगी देणारी सही कोणाची, ते खाते कोणाचं, ती तिजोरी कोणाची? तिथवर जाब चढलाच नाही. जाबाला जिना चढता येत नाही आपल्याकडं. तो तळमजल्यावरच फिरतो, नर्स, वॉर्डबॉय, झाडूवाली.

वर चढून पाहा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं, २०२० पर्यंत राज्यांनी आपल्या बजेटचे ८ टक्के आरोग्यावर खर्चावेत. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. औषधखरेदी २०१७ साली हाफकिनकडं दिली, दवाखाने औषधाची वाट पाहत बसले, मग २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण काढलं. नांदेडची लेकरं मेली ती या येरझाऱ्यांच्या काळात. त्याच सप्टेंबरात सरकारनं नऊ खाजगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात जीआर मागं घ्यावा लागला. म्हणजे विचारलं की हलतात.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल उचलून धरलं, तेव्हा बजावलं होतं की याचा मुख्य भार सरकारनं सोसला पाहिजे. त्यांनी दाईला दोष दिला नाही आणि सरकारला सोडलं नाही.

आणि विनयपिटकातली ती गोष्ट. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडलेला. तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून त्याच्याकडं कोणी फिरकत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं धुतलं, दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवलं. त्यानंतर सगळा संघ गोळा केला आणि विचारलं, याची सेवा का झाली नाही? आधी धुतलं, मग विचारलं. विचारलं ते अख्ख्या संघाला, एकाला पकडून नाही. नांदेडात खासदारानं नेमकं उलटं केलं. स्वतःचा हात कोरडा ठेवला आणि एकालाच पकडलं.

वाशीमला आता मेडिकल कॉलेज आहे, ९ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीतून बटन दाबून उद्घाटन झालं. पाटी लागली म्हणून पेढे वाटू नका. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला आपला जिल्हा, इथं पाटीच्या मागं जाऊन पाहावं लागतं.

रिसोडच्या पोरांनो, ओपीडीच्या वेळी दवाखान्यात बसा. म्हातारीला चिठ्ठी वाचून दाखवा, बाळंतिणीच्या नातेवाइकाला रक्ताची सोय करून द्या. रात्रपाळीच्या नर्सला विचारा, तुझ्या एकटीवर किती खाटा? मग रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीचं रजिस्टर मागा, मंजूर पदं किती आणि भरलेली किती ते मागा, औषधसाठ्याचं पान मागा. दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्ज लिहायला मी येतो, मिल सुटल्यावर.