तलावाचा गाळ हीसुद्धा बखरच आहे

१/८
'पाऊस आटला आणि हडप्पा संपली.' समाजमाध्यमांवर हे वाक्य सिद्धान्ताच्या थाटात फिरते. पुरावा म्हणून राजस्थानातील तलावांच्या गाळात सापडलेल्या परागकणांकडे बोट दाखवले जाते. तो गाळ मात्र इतके सोपे काही सांगत नाही.

२/८
परागकणाचे बाह्य कवच इतके चिवट असते की तीव्र आम्लालाही ते दाद देत नाही. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात ते हजारो वर्षे टिकते. थरागणिक कण मोजले की भोवतीच्या वनस्पतींचा आणि त्यावरून पाऊसमानाचा अंदाज बांधता येतो. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये ही पद्धत मांडली.

३/८
गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाना, लुणकरणसर या खाऱ्या तलावांचा गाळ असाच तपासला. १९७१ मध्ये त्यांनी प्रतिपादन केले : इ.स.पू. ३००० च्या सुमारास पाऊस वाढला, इ.स.पू. १८०० च्या सुमारास घटला. हडप्पेचा उत्कर्ष आणि ऱ्हास त्याच्याशी जुळतात. काम पायाभूत होते. पुढच्यांनी पायालाच कळस मानले.

४/८
१९९९ मध्ये एन्झेल आणि सहकाऱ्यांनी लुणकरणसरचाच गाळ अधिक बारकाईने वाचला. तलाव सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच पूर्ण कोरडा पडला होता. हडप्पेची नगरे (इ.स.पू. २६०० ते १९००) बहरली ती त्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी, शुष्क हवामानात!

५/८
मग हवामानाचा संबंधच नाही? तसेही नव्हे. हरियाणातील कोटला डहर येथील प्राचीन तलावातल्या शंखांच्या रासायनिक अभ्यासातून (२०१४) सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी दुबळा झाल्याचे दिसते. दोन तलाव, दोन साक्षी. सोयीची तेवढी पुढे करून दुसरी दडवणे ही वकिली झाली, इतिहास नव्हे.

६/८
शिवाय हा साक्षीदार निर्दोष नाही. वारा दूरच्या डोंगरावरचा पराग तलावात आणून टाकतो. गहू बहुतांशी स्वपरागित; त्याचा पराग शेताबाहेर फारसा जात नाही. काही रानगवतांचे कण धान्याच्या कणांसारखेच दिसतात. न सापडलेला पराग म्हणजे न पिकलेले शेत नव्हे.

७/८
आणि 'संपली' म्हणजे तरी काय? नगरे ओस पडली, माणसे नव्हे. पूर्वेकडे हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात, तसेच सौराष्ट्रात लहान वस्त्या वाढल्या. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर मिळाला आहे. कोरडा तलाव स्थलांतराचे एक कारण सुचवू शकतो. माणसांनी घेतलेले निर्णय तो सांगू शकत नाही.

८/८
बखर हाती आली की इतिहासाचा विद्यार्थी विचारतो : लिहिली कोणी, कधी, कोणासाठी? गाळाला मात्र कोणी काही विचारत नाही, कारण प्रयोगशाळेचा आकडा पाहताच चिकित्सा गळून पडते. गाळालाही विचारावे : थर कोणता, कालमापन कसे, कण आला कुठून? हे न विचारता मांडलेला हडप्पेचा अंत ही नव्या काळाची दंतकथाच होय.