पायरीशी अडलेला हक्क

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. तरीही अपंगांच्या हक्कांविषयी लिहिताना आम्ही त्याच गावापासून आरंभ करीत आहो, तो हेतुपुरस्सर. कायदा दिल्लीत किती सुंदर शब्दांत लिहिला गेला, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. तो शेवटच्या गावी कोणत्या स्थितीत पोचतो, यावरून ठरते.

नांदूरघाटला राहणारा, दोन्ही पायांनी अधू असलेला एक तरुण वाचकांनी क्षणभर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. कोणताही लाभ मिळण्यापूर्वी त्याला आपले अपंगत्व सिद्ध करावे लागते. अर्ज संगणकावर भरावयाचा आणि तपासणीसाठी बीडचे किंवा अंबाजोगाईचे सरकारी रुग्णालय गाठावयाचे. ओळखपत्र हाती आले की एस.टी.च्या भाड्यात त्याला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. ही सवलत स्तुत्यच आहे. परंतु भाडे पाव झाले, तरी बसच्या पायरीची उंची मात्र पूर्वीएवढीच राहिली! ज्याला गाडीत चढताच येत नाही, त्याला स्वस्त तिकिटाचा उपयोग काय? आमच्या साऱ्या अपंगकल्याणाचे मर्म या एका विसंगतीत साठलेले आहे. आम्ही सवलत देतो, वाट देत नाही.

कायद्याची उणीव आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेल्या. सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, असेही त्याने सांगितले. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ती मुदत २०२२ सालीच संपली. मुदत संपली, पायऱ्या राहिल्या. मध्यंतरी ‘अपंग’ हा शब्द जाऊन सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ हा शब्द आला, महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र खातेही निघाले. शब्द बदलण्यास आमचा विरोध नाही. मात्र नवे नाव धारण करणाऱ्या नागरिकाला जुन्याच पायरीशी थांबावे लागत असेल, तर तो गौरव नव्हे, थट्टा होय.

हे असे का झाले, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात दिले. मूळ कायदा ‘केलेच पाहिजे’ असे म्हणत असताना त्याखालील पंधराव्या नियमाने सारी मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवली होती. न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावेत, असा केंद्र सरकारला आदेश दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, संगणकावरील व मोबाइलवरील सेवा अंध व्यक्तींना आणि अॅसिड हल्ल्यात चेहरा वा दृष्टी गमावलेल्यांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. बँकेचे खाते उघडताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र सांगते. ज्याला ती करता येत नाही, त्याने काय करावे, हा विचार यंत्र बनविणाऱ्याच्या मनाला शिवलाच नव्हता.

मानक म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबाने कळेल. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधावयाची, तर एक हात उंचीला बारा हात लांबी हवी. दाराशी प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या तीनच पायऱ्या असल्या, तरी उतरण सव्वापाच मीटरांहून लांब होते. आमच्या कचेऱ्यांपुढे तपासणीच्या आदल्या दिवशी सिमेंटची जी घसरगुंडी ओतली जाते, तिच्यावरून खुर्ची चढत नाही. उतरू लागली तर माणूस सांभाळत नाही. पाहणी-अहवालात मात्र ‘उतरण उपलब्ध’ अशी नोंद होते. कागद सुगम झाला, इमारत दुर्गमच राहिली.

नोकरीच्या बाबतीतही हेच घडते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले आणि पुण्यात टेल्कोत नोकरीही केली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून केंद्र सरकारची नोकरी सांभाळली आणि १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली. अशा चरित्रांचा आम्ही मोठ्या प्रेमाने गौरव करतो. पण अपंगाने नोकरी मिळविण्यासाठी असामान्य असलेच पाहिजे, अशी अट धडधाकटांना कोठे आहे? सामान्य बुद्धीच्या, सामान्य उमेदीच्या माणसालाही कचेरीत जाता यावे, प्रसाधनगृह वापरता यावे आणि महिनाअखेर पगार घेऊन घरी यावे, एवढीच ही मागणी आहे.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. संपादकीय खुर्चीवर बसण्यापूर्वी आम्ही शिक्षक होतो. आमच्या वर्गात पोलिओने पाय गेलेला एक विद्यार्थी होता आणि वर्ग माडीवर भरत असे. त्याचे सोबती त्याला रोज पाठुंगळीस घेऊन जिना चढत. आम्ही त्या मुलांच्या परोपकाराची वर्गात वाहवा केली, वार्षिक समारंभात त्यांना बक्षीसही देवविले. सोबती ज्या दिवशी आले नाहीत, त्या दिवशी तो गैरहजर लागे. पावसाळ्यात तसे बरेच दिवस येत. पुढे त्याचे नाव पटावरून गेले. तो वर्ग खाली आणावा, हे आमच्या मनात एकदाही आले नाही. त्याला एक पैसाही लागला नसता. दया दाखविण्यात आम्ही इतके रमलो होतो, की न्यायाची आठवणच झाली नाही.

म्हणूनच खर्चाचा आक्षेप आम्हांस पुरता पटत नाही. जुनी वास्तू फोडून बांधण्यास पैसा लागतो, हे खरे; पण टेबल खाली आणण्यास, तपासणीचे पथक तालुक्याला नेण्यास, सूचना मोठ्या अक्षरांत लावण्यास लागते ती मुख्यतः इच्छा. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावयाचा, असा नियमही आहे. दुसरा आक्षेप बनावट प्रमाणपत्रांचा. बीड जिल्ह्यातच शिक्षकांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी करण्याची वेळ आली, ही लाजिरवाणी गोष्ट होय. अशांना कठोर शासन व्हावे. परंतु लबाडाच्या अपराधासाठी खऱ्या अपंगालाच पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावयास लावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते, त्यांपैकी सुमारे एकोणसत्तर टक्के खेड्यांत. महाराष्ट्रातील संख्या २९ लाखांवर होती. याचा अर्थ हा प्रश्न शहरातील चार इमारतींचा नाही, नांदूरघाटसारख्या हजारो गावांचा आहे. बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी, कित्येक दशकांच्या प्रतीक्षेनंतर, अहिल्यानगरहून रेल्वे आली. हाच लोहमार्ग परळीपर्यंत न्यावयाचा आहे. नव्या स्थानकांवर आरंभापासूनच उतरण, पकडदांडा आणि रुंद दार हवे. आधी बांधून मग फोडण्याचा उद्योग तरी टळेल.

सरकारकडे बोट दाखवून आमच्या वाचकांनी मोकळे होऊ नये, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. दुकाने, दवाखाने, शिकवणीचे वर्ग, गृहरचना संस्था यांचे चालक सुशिक्षित मध्यमवर्गीयच आहेत. प्रत्येकाने आज आपल्याच दारात उभे राहून पायऱ्या मोजाव्यात. त्या तीन असतील, तर तेवढ्याच तीन पायऱ्यांपाशी कोणा एका नागरिकाचे स्वातंत्र्य थांबलेले आहे, हे ओळखावे. आमच्या त्या विद्यार्थ्याला वर्ग खाली हवा होता. पाठुंगळी त्याने कधीच मागितली नव्हती.