पित्त एक, आजार चार

पाचोरा-भडगाव भागात पोटाच्या बहुतेक तक्रारी ‘पित्त’ आणि ‘गॅस’ या दोन शब्दांत आटोपतात. ‘पोटमा आग व्हस’ असे अहिराणीत सांगणारी आजी काय होते आहे ते तरी सांगते. ‘पित्त झालंय’ म्हणणारा मात्र स्वतःच निदान करून मोकळा होतो, आणि औषधाच्या दुकानात त्याला त्या निदानाची गोळीही मिळते.

एकट्या ‘पित्त’ शब्दावर मराठीने केवढे ओझे टाकले आहे पाहा. छातीत जळजळून आंबट पाणी तोंडात आले की पित्त. अर्धे डोके दुखून उलटी झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. सोनोग्राफीत खडे दिसले, तर तेही पित्ताचे. यातले पहिले जठरातले आम्ल, दुसरी बहुधा अर्धशिशी, तिसरी बऱ्याचदा अ‍ॅलर्जी. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणाऱ्या खऱ्या पित्ताशी संबंध फक्त चौथ्याचा. आम्ल कमी करणारी गोळी त्या खड्यांना काहीही करत नाही. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते, आणि घरात दोष दिला जातो तो आदल्या रात्रीच्या शेवभाजीला.

खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला की डोळे पिवळे होतात. इथे दुसरा शब्द घात करतो. कावीळ हे आजाराचे नाव नाही, ते लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. तेवढ्यात गळ्यात काविळीची माळ पडलेली असेल, तर श्रेय माळेला जाते. नळी अडल्यामुळे झालेली कावीळ माळेने उतरत नाही. अंगाला खाज, पांढुरकी शौच, थंडी वाजून ताप अशी चिन्हे दिसली की माळेत घालवलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.

‘गॅस’ तर त्याहून धोकादायक. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडले की दुखणे पोटाच्या वरच्या टोकाला जाणवू शकते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये छातीत ठळक कळ न येताही झटका येतो. दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात दुखणे सोबत असेल, तर सोडा पिऊन ढेकरेची वाट पाहू नये, १०८ला फोन करावा.

शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध’ म्हणण्याचीही रीत आहे. पुष्कळदा ती असतेही; पण पन्नाशीनंतर नव्याने रक्त जाऊ लागले किंवा शौचाची सवय बदलली, तर मोठ्या आतड्याची तपासणी व्हायलाच हवी. काळी, डांबरासारखी चिकट शौच हे बहुधा जठरातून रक्तस्राव होत असल्याचे चिन्ह आहे. अंगदुखीवर रोज गोळ्या घेणाऱ्या शेतमजुरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जठरातल्या जखमांची मुख्य कारणे म्हणजे अशा वेदनाशामक गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. त्या जिवाणूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरेन यांना २००५चे नोबेल मिळाले. खान्देशी मिरची मात्र अजून आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. कागदावर ‘एपीडी’ एवढे लिहिले की डॉक्टरांचे काम होते, घरी जाणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. परिभाषेतला ‘आंत्रपुच्छशोथ’ही नको, ‘अपेंडिक्सला सूज’ सगळ्यांना समजते. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक केसपेपरवर औषधांच्या खाली मराठीत एवढे तरी लिहिलेले असावे: दुखणे कशाचे वाटते, आणि काय झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत यायचे.