पंधरा इंचांचा मासा

आमच्या कुरकुंभास समुद्र नाहीं. फिरंगाईच्या देवळापासून चोहोंकडे पाहावें तों माळ दिसतो, अलीकडे कारखान्यांचीं धुराडींही दिसतात, आणि नदी म्हणावयाची तर ती दौंडास, भीमा. अशा गांवच्या, चातुर्मासांत कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या घरांतील एका निवृत्त शिक्षकानें समुद्रावरील मासेमारीविषयीं लिहावें, हें पाहून कित्येक भगिनी हा अंक बाजूस ठेवतील. त्यांनीं तो क्षणभर हातीं धरावा. मासा कसा शिजवावा हें येथें सांगावयाचें नाहीं, आणि तें मला ठाऊकही नाहीं.

2024 सालच्या एप्रिलांत मी अमेरिकेंत न्यूजर्सी येथें मुलीकडे होतों. नातू अकरा वर्षांचा. त्याच्या शाळेस वसंताची सुटी लागली होती. जावईबापूंनीं मित्रांसह बेलमार गांवच्या बंदरांतून एका दिवसापुरती नाव भाड्यानें ठरविली होती. तशा लहान नावेवर सहांहून अधिक उतारू घेत नाहींत. आयत्या वेळीं एक गृहस्थ आजारी पडले व सहावी जागा रिकामी झाली. नातू माझ्या मागें लागला, "आजोबा, तुम्ही चला ना!" मुलगी स्वयंपाकघरांतून म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला जातां? उगाच मनस्ताप." मी गेलों त्याचें कारण एकच. मुलगा आयुष्यांत पहिल्यानें एक जीव ओढून वर काढणार, आणि मीं घरीं बसून कांहीं ठाऊक नसल्याचें सोंग करावें, हें मनास पटेना.

ज्या माशासाठीं हा खटाटोप, त्याचें नांव टॉटॉग. शब्द कानास विचित्र लागतो, परंतु तो इंग्रजी नव्हे. तेथील मूळच्या नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेंतला तो आहे, आणि रॉजर विल्यम्स नांवाच्या धर्मोपदेशकानें 1643 सालीं त्या भाषेवर जें पुस्तक छापिलें त्यांत तो नोंदलेला आहे. मासा काळसर, ओठ जाड, आणि घशांत दुसरे दांत जात्याच्या तळीसारखे. शिंपले व खेकडे तो कवचासकट दळून खातो. स्वभावानें पक्का गृहस्थ. खडकाची कपार किंवा बुडालेलें जहाज हें त्याचें घर. दिवसा भोंवतालीं चरावें आणि रात्रीं कपारींत शिरून निजावें. थंडींत तो खोल पाण्यांत सुस्त पडतो व पाणी कोंबट होऊं लागलें म्हणजे किनाऱ्याकडे येतो. तेथील सरकारनें 1984 पासून समुद्राच्या तळाशीं मुद्दाम अशीं घरें करून दिलीं आहेत. जुनीं जहाजें, दगड, फार काय न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडीचे मोडीत निघालेले डबेसुद्धां तेथें बुडविले आहेत. आगगाडीच्या डब्यांत संसार थाटलेला मासा ही कल्पना दौंड जंक्शनजवळ राहणाऱ्यास गंमतीची वाटल्यास नवल नाहीं.

पहांटे निघालों. थंडी अशी कीं कानटोपीवर मफलर घेऊनही दांत वाजत होते. तांडेलानें एका बुडालेल्या जहाजावर नेमकी नाव आणून दोन नांगर टाकले. दहा हात इकडे तिकडे झाल्यास दिवस फुकट जातो म्हणे. खेकडे अर्धे कापून गळास लावले. (येथें मीं तोंड फिरविलें.) शिशाचा गोळा तळास टेकला कीं बोटांस टक्-टक् असें कळतें, तो मासा खेकडा चाखीत असतो. त्या वेळीं ओढूं नये. मग दोरीस भार येतो, त्याच क्षणीं काठी वर उचलावी. विलंब झाला तर मासा आपल्या कपारींत शिरतो आणि दोरी, गळ, शिसें सर्व तेथेंच राहतें. जावईबापूंचीं चार शिशीं त्या दिवशीं जहाजास अर्पण झालीं.

तीन तासांनीं नातवाच्या काठीनें कमान टाकली. मुलगा तांबडालाल झाला, पण काठी सोडीना. मासा वर आला. खलाशानें तो फळीवरील पट्टीवर ठेविला. साडेचौदा इंच.

तेथील नियम त्या वर्षीं असा होता. एप्रिलांत माणशीं चार मासे, आणि पंधरा इंचांहून लहान एकही ठेवावयाचा नाहीं. मार्च महिना बंद. मे, जून, जुलै हे विणीचे महिनेही बंद. हा मासा फार सावकाश वाढतो, तीस वर्षांहूनही अधिक जगतो, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस अतिरेकी मासेमारीनें त्याची संख्या इतकी खालावली कीं तेथील किनाऱ्यावरच्या प्रांतांस 1996 सालीं एकत्र बसून मर्यादा घालाव्या लागल्या.

नातवानें शेपटी हलकेंच ताणून पाहिली. पुन्हां मोजलें. साडेचौदाच. नावेवर आम्हां आठ माणसांवांचून कोणी नव्हतें आणि सभोंवार नुसता समुद्र. मुलानें एकवार माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललों नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं तो मासा सुटावा कीं मुलाचें मन राखलें जावें, हें मला स्वतःलाच ठरवितां येईना. मग त्यानें दोन्ही हातांनीं मासा उचलून पाण्यांत सोडला आणि पुढें तासभर कोणाशीं बोलला नाहीं. सायंकाळपर्यंत सहा जणांत मिळून तीनच मासे ठेवण्याजोगे निघाले.

परततांना त्यानें हळूच विचारलें, "आजोबा, कुरकुंभच्या घरीं सांगायचं का हें?"

प्रश्न सोपा नव्हता. आमचे थोरले बंधू दादा हे घराचे कर्ते, वय ब्याऐंशी. मी म्हणालों, "सांगेन, पण माझ्या तोंडानें."

गांवीं आल्यावर मीं प्रथम आधार शोधिला, ही शिक्षकाची खोड. 'बडिश' हा शब्द लहानपणीं अमरकोशांत पाठ केला होता, त्यापलीकडे गळाशीं संबंध नव्हता. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 1129 च्या सुमारास रचिलेल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोद नांवाचें प्रकरणच आहे. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते, कोणत्यास काय खाऊं घालून माजवावें, काठी, दोरी व गळ कसा असावा, हें सर्व राजा मोठ्या आवडीनें सांगतो. गजानन श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्यास छापला गेला. पहिला भाग 1925 चा. राजाचा विनोद तो आमचा आचार होत नाहीं, हें खरें. तरी हा छंद म्हणजे विलायतेहून आलेलें खूळ, हा माझा समज मात्र गेला.

आपल्याकडेही मर्यादा आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नावांस मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत नाव न लोटण्याची कोळ्यांची चाल तर कायद्याहून जुनी आहे. 2023 सालीं सरकारनें 54 जातींच्या माशांची लहानांत लहान लांबीही ठरविली. त्याच वर्षीं राज्यमासा म्हणून गौरविलेलें पापलेट त्यांत आहे. बाजारांत पट्टी घेऊन मोजणारा मनुष्य मात्र मीं अद्याप पाहिला नाहीं. अर्थात् मासळीबाजारांत माझें जाणें तें किती! ज्यांच्या घरीं मासे येतात त्यांनींच हें पाहावें. पट्टीला फार पैसे पडत नाहींत.

असो. एके दिवशीं संध्येनंतर दादांस ओसरीवर सर्व हकीकत सांगितली, मानसोल्लासासुद्धां. राजाचें नांव त्यांनीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें. वहिनी आंत उभ्या राहून ऐकत होत्या, हें बांगड्यांवरून कळलें. दादा बराच वेळ जपमाळ हातांत धरून बसले होते. मला वाटलें, आतां बोलतील तें कठोर असेल.

"पोरानें आपणहून सोडला?"

"होय."

"अर्धा इंच कमी म्हणून?"

"होय, दादा."

पुन्हां कांहीं वेळ गेला. मग त्यांनीं विचारलें, "गळ तोंडांत रुतलेला, तो काढून सोडल्यावर मासा जगतो का रे?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. रविवारीं नातवाचा फोन येतो, तेव्हां त्यालाच विचारावयाचें ठरविलें आहे. दादा म्हणाले, त्या वेळीं मला हांक मार.