खरेदीखत आणि पासपोर्ट

पुण्या-मुंबईहून कोलकात्यात पाहुणे आले की त्यांना पार्क स्ट्रीटवर न्यावंच लागतं. तिथल्या उंच छतांच्या, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्यांच्या जुन्या इमारती कुणी बांधल्या, असं विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, इंग्रजांनी. खरं तर पार्क मॅन्शन्स बांधलं थॅडियस मेस्रोप थॅडियस यांनी, स्टीफन कोर्ट अराथून स्टीफन यांनी आणि क्वीन्स मॅन्शन जोहान्स गॅल्स्टॉन यांनी. तिघेही आर्मेनियन. स्टीफनसाहेबांनी चौरंगीवरचं ग्रँड हॉटेलही उभं केलं. गॅल्स्टॉनना रेसच्या घोड्यांचा भारी नाद. त्यांचा स्वतःचा महाल पुढे हैदराबादच्या निजामाकडे गेला. सीबीआयनं कुणाला चौकशीला बोलावलं की टीव्हीवर दिसतं ते कोलकात्याचं निझाम पॅलेस म्हणजे हाच महाल.

या शहरात परदेशी माणसानं घर घेणं ही इतकी जुनी आणि इतकी सवयीची गोष्ट आहे. बडाबाजारच्या गर्दीतलं आर्मेनियन चर्च १७२४ सालचं, म्हणजे प्लासीच्या लढाईच्याही तेहतीस वर्षं आधीचं. बगदाद आणि अलेप्पोहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी, विशेषतः एझरा घराण्यानं, अर्ध्या मध्य कोलकात्यात इमारती उठवल्या. आणि तिरेट्टा बाजार ज्याच्या नावानं ओळखला जातो तो एडवर्ड तिरेट्टा तर इटलीचा. कॅसानोव्हाचा मित्र, स्वदेशातून पळालेला, इथे येऊन कंपनी सरकारच्या रस्ते आणि इमारतींचा अधिकारी झाला. त्यानं बाजार वसवला आणि तो कर्जात बुडाल्यावर हा बाजार चक्क लॉटरीत गेला. गृहकर्जाचे हप्ते थकले तर काय होतं, याची भीती दाखवणाऱ्या बँकांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

या यादीत आपणही आहोत, फक्त जरा वेगळ्या अर्थानं. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत पोचलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात अजून मराठा डिच लेन आहे. ज्यांच्या धास्तीनं खंदक खणला त्यांच्या मुलखातले लोक आज गृहकर्ज काढून सॉल्ट लेकमध्ये राहतात (तेही बहुतेक ९९९ वर्षांच्या सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर), आणि शेजारी फार तर विचारतात, तुमच्याकडे इलिश खातात का? पाडा, म्हणजे इथला मोहल्ला, तुम्हाला आपलं मानेल न मानेल, प्रोमोटर, म्हणजे इथला बिल्डर, मजला चढवेल न चढवेल, पण मराठी माणसाला इथे राहू नको, घर विकत घेऊ नको असं कुणी म्हणू शकत नाही. कारण पासपोर्ट एकच.

तो वेगळा असला, किंवा तसा संशय जरी आला, तर काय होतं हे पाहायला तिरेट्टा बाजारातच जायचं. रविवारी सकाळी तिथे चिनी न्याहारी मिळते, वाफाळते बाव, फिशबॉलचं सूप. या समाजाचा मूळपुरुष म्हणून सांगितला जातो तो आछू, अठराव्या शतकाच्या शेवटी वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ जमीन मिळवून तिथे साखरेचा कारखाना काढणारा. त्याच्या नावाचं गाव, आछीपूर, हुगळीच्या काठी आहे, आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी लोक अजून तिथे त्याच्या समाधीला जातात. पुढच्या पिढ्यांत सुतार आले, दाताचे डॉक्टर आले, चांभारकाम करणारे हाक्का आले. हाक्कांनी शहराच्या पूर्वेला टांग्र्याच्या दलदलीत चामडं कमावण्याचे कारखाने टाकले. ज्या कामाला आणि ज्या जागेला इथलं कुणी हात लावायला तयार नव्हतं, तिथे. कारखाना खाली, घर वर.

मग ऑक्टोबर १९६२ आला. चीनशी युद्ध पेटलं आणि कायदा बदलला. चिनी वंशाचा माणूस, मग तो इथेच जन्मलेला असो, एका रात्रीत संशयित झाला. सुमारे तीन हजार जणांना, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांनाही, आगगाडीत भरून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. त्यातले बहुतेक आसाम, मेघालय, दार्जिलिंगकडचे. काही जण तिथे वर्षानुवर्षं राहिले. सुटून आले तेव्हा अनेकांची घरं-दुकानं लिलावात गेलेली होती. कोलकात्यात राहिलेल्यांवरही पोलिसांकडे हजेरी, शहराबाहेर जायला परवानगी, असले निर्बंध बरीच वर्षं होते. नंतर १९६८ मध्ये शत्रू मालमत्ता कायदा झाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनं तर वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला अशा मालमत्तेवर हक्क सांगता येईनासा झाला. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये दिलेल्या आकड्यांत चिनी नागरिकांच्या म्हणून नोंदलेल्या १२६ मालमत्ता होत्या. त्यातल्या २९ पश्चिम बंगालमध्ये.

या घरांच्या कागदांत बहुतेक वेळा काहीच खोट नसणार. खरेदीखत नोंदवलेलं, महापालिकेत नाव चढलेलं, कर भरलेला. आपल्याकडे घर घेताना आपण ज्या ज्या गोष्टी तपासतो त्या सगळ्या ठीकठाक. खोट निघाली ती मालकात. टांग्र्यातली कितीतरी कुटुंबं पुढे कॅनडाला गेली. शिवाय १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळे कारखाने बानतल्याला हलवायला सांगितले. आज टोरँटोत हाक्का म्हणून जे खातात ते आपलं चिली चिकन आणि नूडल्स. टांग्र्यात उरले ते चिनी रेस्टॉरंटं चालवतात, आणि तिथे जेवायला आपण कौतुकानं रांग लावतो.

आजचा भारतीय कायदा काय म्हणतो, तेही पाहू. भारतीय वंशाचा नसलेला परदेशी माणूस परदेशात राहून इथे घर विकत घेऊ शकत नाही. फार तर पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यानं. इथे राहायलाच आला असेल, आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त इथे असेल, तर घेऊ शकतो. पण चीन, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, इराण, नेपाळ, भूतान अशा काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. नेपाळचं नाव वाचून मी दोनदा खात्री केली. कोलकात्यात सोसायट्यांच्या फाटकाशी रात्रभर जागणाऱ्या नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, नोकरीला परवाना लागत नाही. ज्या इमारतीची तो राखण करतो तिथला वन-बीएचके मात्र त्याला, पैसे असले तरी, परस्पर घेता येत नाही. हा नियम आपण केलेला आहे.

ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना जुनी घरं विकत घ्यायला बंदी केली, कॅनडानं २०२३ पासून असाच अटकाव घातला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटांवर जो संताप झाला तो मला म्हणूनच पुरता पटला नाही. घरांच्या किमती वाढल्या की परक्याकडे बोट दाखवणं हे कुठल्याही सरकारला सोपं जातं.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण माझी भाची. ती न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर आहे, आणि तिथे घर घेऊ का म्हणून गेले काही महिने विचारतेय. बँक कर्ज द्यायला तयार आहे. ताई, म्हणजे तिची आई, रोज फोनवर एकच सुनावते : किती दिवस भाड्याच्या घरात काढणार? आपल्याकडे भाड्यानं राहणं म्हणजे संसार मांडायचा राहिलाय, अशीच समजूत. भाचीनं मला विचारलं, "मावशी, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. साठ दिवसांत घर विकलं जातं का गं?"

मला अमेरिकेतलं ठाऊक नाही, पण एका माणसाची गोष्ट तिला सांगितली. सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा, लॉस एंजेलिसमध्ये वकील, १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झालेला. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं, आणि दिलेली नागरिकत्वं परत घेणं सुरू झालं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्याला शेतजमीन घेता येत नसे, म्हणजे एकाच फटक्यात दोन्ही गेलं. थिंद यांचा वकील पंडितच होता. तो खटला हरला. मग सरकार त्याच्याच मागे लागलं तेव्हा त्यानं कोर्टाला सांगितलं, तुमच्या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली केली, लग्न केलं, घर-जमीन केली; आता ते काढून घेणं अन्याय आहे. हा खटला तो जिंकला. भाची म्हणाली, "म्हणजे आधी नागरिकत्व, मग घर." पंडितच्या बाबतीत तरी क्रम तोच होता.

तिनं आता एजंटला नव्या प्रश्नांची यादी पाठवली आहे : घाईत विकावं लागलं तर कमिशन आणि कर धरून हातात काय उरेल, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, देश सोडल्यावर ते घर भाड्यानं देता येईल का, भाड्याचा कर कुठे भरायचा. पहिली दोन उत्तरं आली आहेत आणि ती फारशी उत्साहवर्धक नाहीत. ताईनं दरम्यान वास्तुशांतीसाठी गुरुजींकडून मुहूर्त काढून ठेवले आहेत. भाची एक वर्ष भाड्यानंच राहायचं म्हणतेय, आणि या भांडणात मी भाचीकडून आहे, हे ताईला अजून कळायचंय.