नाव तिचे, सही तिची, हिशेबही तिचा



आपल्या समाजातील अनेक घरांतून गेल्या काही वर्षांत एक नवा उद्योग उभा राहताना दिसतो. घरातील सून किंवा मुलगी दिवसभर नोकरी करते, मूल शाळेत जाते, आणि रात्री स्वयंपाकघर आवरले की जेवणाच्या टेबलावर खोकी, रिबिनी आणि नावाच्या चिठ्ठ्या मांडल्या जातात. मागणी मोबाइलवर आलेली असते, पैसे यूपीआयने जमा झालेले असतात आणि सकाळी कामावर जाता जाता पार्सल कुरिअरच्या खिडकीवर द्यायचे असते. कधी राखीचे ताट, कधी वाढदिवसाचे रिटर्न गिफ्ट, कधी पर्युषणातील प्रभावना, कधी अक्षय तृतीयेला वर्षीतपाच्या पारण्याची भेट. भेट देणे ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. ती भेट निवडून, बांधून, वेळेवर पोहोचवणे हा आता व्यवसाय झाला आहे.

या व्यवसायाला घरातील वडीलधारी मंडळी बहुधा 'छंद' म्हणतात. भांडवल थोडे, जागा घरची, वेळ रात्रीची. मग त्याला धंदा कसे म्हणायचे? या एका शब्दाने पुष्कळ नुकसान होते. ज्याला छंद म्हटले त्याचा रोजमेळ कोणी लिहीत नाही, आणि ज्याचा रोजमेळ नाही तो धंदा वाढतो आहे की खंगतो आहे हे कोणालाच कळत नाही.

बँकेतील नोकरीत कर्जाचे असे कितीतरी प्रस्ताव हाताखालून गेले, ज्यांत मालक म्हणून घरातील स्त्रीचे नाव असे. दुकानात कोणता माल आहे असे तिला विचारले की उत्तर शेजारी बसलेले गृहस्थ देत. नाव तिचे, कारभार दुसऱ्याचा. आता चित्र उलट होऊ पाहत आहे. कारभार सगळा तिचा, पण पैसे जमा होतात ते पतीच्या किंवा पेढीच्या खात्यात, आणि खरेदीची बिले फाटतात ती पेढीच्या नावाने. पहिल्या प्रकारात ती कागदावर होती, कामात नव्हती. दुसऱ्या प्रकारात ती कामात आहे, कागदावर नाही. दोन्हींत तोटा तिचाच आहे.

ऐंशी रुपयांचे उदाहरण

घरातून सुरू झालेला स्त्रियांचा उद्योग कसा वाढतो याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपण वाचलेच असेल.

पापड आणि भेटवस्तू यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मालाचा नाही, शिस्तीचा आहे. त्या भगिनींनी पहिल्यापासून दोन गोष्टी ठरवल्या. तोटा झाला तरी देणगी किंवा मदत मागायची नाही, आणि घेतलेले पैसे कर्ज समजून फेडायचे. पुढे संस्थेत लाटण्याच्या मजुरीची, म्हणजे 'वणाई'ची, पद्धत रुजली: जितके पापड लाटले तितकी मजुरी. बाईच्या हाताच्या कामाला किंमत आहे, आणि ती मालाच्या किमतीत धरली पाहिजे, हे तत्त्व त्यात आहे. आज टेबलावर रात्री अकरापर्यंत खोकी बांधणाऱ्या आपल्या लेकीसुना नेमके हेच विसरतात.

अलीकडचे उदाहरण फाल्गुनी नायर यांचे. कोटक महिंद्र समूहातील मोठ्या पदाची नोकरी सोडून त्यांनी 2012 मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, मुंबईत नायका ही ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनांची कंपनी सुरू केली. त्या जुळ्या मुलांच्या आई आहेत. मूळ कंपनीच्या नावातील एफएसएन ही अक्षरे त्यांच्याच पूर्ण नावाची आद्याक्षरे आहेत. कंपनी नोव्हेंबर 2021 मध्ये शेअर बाजारात आली. एवढी मजल प्रत्येकीने गाठावी असे नव्हे. पण व्यवसायावर नाव कोणाचे, याचे उत्तर तेथे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते.

या धंद्याचा स्वभाव

भेटवस्तूचा धंदा किराणा किंवा कापडाच्या धंद्यासारखा नाही. येथे पैसे देणारा एक असतो आणि माल उघडणारा दुसरा. माल खराब निघाला तर आपल्या ग्राहकाला तो दिसत नाही; त्याची मान मात्र पाहुण्यासमोर खाली जाते. असा ग्राहक भांडायला येत नाही, तो पुन्हा येतच नाही.

दुसरा विशेष तारखेचा. राखी एक दिवस उशिरा पोहोचली तर ती राखी राहत नाही, दोरा होतो. म्हणून प्रत्येक सणासाठी शेवटची मागणी कोणत्या तारखेपर्यंत घेणार हे आधी जाहीर करावे आणि त्या तारखेनंतर आलेली मोठी मागणीही नम्रपणे नाकारावी. नोकरी करणाऱ्या आईने तर ही तारीख आणखी दोन दिवस अलीकडे धरावी, कारण मुलाला ताप आला की त्या रात्री खोके बांधले जात नाही.

नाशिककरांना या धंद्यात एक नैसर्गिक लाभ आहे. भांडी बाजारातील तांब्या-पितळेची भांडी, येवल्याच्या हातमागाची पैठणी, जिल्ह्यातील द्राक्षांचे मनुके, ही सर्व भेट म्हणून देण्याजोगी वस्तू हाताशी आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत दिवाळीला भेटी वाटल्या जातात, म्हणजे मोठा ग्राहकही गावातच आहे. शिवाय आपल्या घरांना जे सहज कळते ते बाहेरच्या विक्रेत्याला कळत नाही: कांदा-लसूण आणि कंदमूळ नसलेला खाऊ, मध नसलेली मिठाई, चामडे नसलेली वस्तू. रेशीम टाळणारी घरेही असतात, म्हणून पैठणीच्या कापडाच्या बटव्याशेजारी सुती बटवाही ठेवावा. खाद्यपदार्थ घरी करून विकायचे असतील तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लहान उत्पादकालाही लागते. ती केल्याशिवाय लाडवाचा एक डबाही विकू नये.

अठ्ठावन्नाचे दहा कसे होतात

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, आणि कर तूर्त बाजूला ठेवला आहे. एक भेटखोके 350 रुपयांना विकले. आतील वस्तू 190, खोके, कागद आणि रिबीन 40, कुरिअर 55, पैसे स्वीकारण्याचे शुल्क 7. एकूण खर्च 292, शिल्लक 58 रुपये. शंभर खोकी गेली की 5,800 रुपये मिळाले, असे घरात सांगितले जाते.

पण ग्राहकाशी बोलणे, चिठ्ठीवरचे नाव तपासणे, बांधणे आणि पार्सल पोहोचल्याची खात्री करणे यांत खोक्यामागे पंचवीस मिनिटे जातात. या कामाला मदतनीस ठेवली आणि तिला तासाला 80 रुपये दिले, तर 33 रुपये होतात. उरले 25. वीस पार्सलांपैकी एक फुटले आणि ते पुन्हा पाठवावे लागले, तर त्याचे 292 रुपये वीस खोक्यांवर वाटून प्रत्येकी सुमारे 15 येतात. उरले 10. अठ्ठावन्नाचे दहा झाले.

याचा अर्थ धंदा करू नये असा नाही. याचा अर्थ किंमत 350 ठेवू नये, किंवा बांधणीला लागणारा वेळ कमी करावा, किंवा फुटणारी वस्तू यादीतून काढावी. चाळीस प्रकारच्या वस्तूंऐवजी आठच प्रकार ठेवले तर खरेदी एकगठ्ठा होते, खोक्याचे माप ठरते आणि हातही वेगाने चालतो. ज्या आईचा वेळ तिने स्वतःच फुकट धरला, त्या वेळेला घरातील कोणीही पुढे किंमत देत नाही. मग मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत 'हे सोडून दे' असे सांगणे सर्वांना सोपे जाते.

भांडवल कोणाचे

व्यापारी घरात भांडवलाचा प्रश्न चटकन सुटतो. पती किंवा सासरे लाख रुपये काढून देतात. येथे आयकराचा एक नियम माहीत हवा. पतीने पत्नीला भेट म्हणून दिलेली रक्कम तिने व्यवसायात घातली, तर वर्षारंभीच्या भांडवलात त्या रकमेचा जितका वाटा, तितका नफा पतीच्या उत्पन्नात मिळवला जातो. सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या रकमेलाही तोच न्याय. तेथे नफा देणाऱ्याच्या उत्पन्नात जातो. तिच्या पगारातील बचत किंवा तिच्या आई-वडिलांनी दिलेली रक्कम यांना हा नियम लागू नाही. म्हणून घरातून पैसे घ्यायचेच असतील तर ते रीतसर कर्ज म्हणून, व्याज ठरवून, बँकेमार्फत घ्यावेत आणि ठरल्याप्रमाणे फेडावेत.

दुसरा मार्ग बँकेचा. एप्रिल 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. भेटवस्तूंच्या सुरुवातीला एवढे पुष्कळ होते. श्रीमती मीना बिंद्रा यांनी 1982 मध्ये मुंबईत घरातूनच तयार कपड्यांचा व्यवसाय सुरू केला तो बँकेच्या 8,000 रुपयांच्या कर्जावर. त्यातूनच पुढे 'बिबा' हा मोठा ब्रँड उभा राहिला. छोटे कर्ज वेळेवर फेडले की बँकेत तिची स्वतःची पत तयार होते. पतीच्या गल्ल्यातून घेतलेल्या लाखाने ती तयार होत नाही.

कागद आणि नोकरी

कराबाबत थोडक्यात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात स्वतः माल विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर ती पहिल्या पार्सलापासून लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना मर्यादित सूट आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरून विकण्यासही नोंदणी लागते. 1 ऑक्टोबर 2023 पासून मात्र आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना फक्त नावनोंदणी क्रमांक पुरतो. कंपनीला भेटी विकताना भाव करासह सांगावा, कारण भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवरच्या जीएसटीची वजावट कंपनीला मिळत नाही. ती एकूण रक्कमच पाहते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. केवळ तयार माल घेऊन विकला तर तो व्यापार ठरतो, आणि व्यापाऱ्याला या नोंदणीचा लाभ बँक-कर्जातील अग्रक्रमापुरताच आहे. लहान उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत देण्याचे जे बंधन ग्राहक कंपनीवर असते, त्याचे संरक्षण व्यापाऱ्याला नाही. म्हणून कंपनीच्या मोठ्या मागणीवर निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. आपल्या परिस्थितीला नेमके काय लागू आहे हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे.

नोकरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. पूर्वपरवानगीशिवाय त्यांना व्यापार करता येत नाही. बँकांचेही असेच नियम असतात, आणि खासगी नोकरीत नेमणूकपत्रातील अट वाचावी लागते. अशा वेळी 'सासूबाईंच्या नावाने करू' ही पळवाट सुचवली जाते. सासूबाई खरोखर धंदा पाहणार असतील तर उत्तम. नुसते नाव वापरायचे असेल तर नोकरी आणि धंदा दोन्ही धोक्यात येतात. परवानगी मागावी, न मिळाल्यास थांबावे किंवा एकच निवडावे.

वाढ

हा व्यवसाय वाढतो तो जाहिरातीने कमी आणि तारखांच्या वहीने अधिक. ज्या ग्राहकाने यंदा मुलीच्या वाढदिवसाला पन्नास भेटी घेतल्या, त्याला पुढील वर्षी महिनाभर आधी, त्याची हरकत नसल्यास, एक संदेश जावा. दिवाळीचा माल श्रावणात ठरवावा, भाद्रपदात आणावा, आणि उरलेला माल किती आणि का उरला हे कार्तिकात लिहून ठेवावे. मागणी नियमित झाली की पहिला खर्च मदतनिसीवर करावा, मोठ्या जागेवर नव्हे. नोकरी सोडण्याचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा स्वतःची मजुरी धरूनही सलग दोन दिवाळ्यांचा हिशेब पगाराची बरोबरी करील.

आपल्या घरांत दिवाळीला चोपडापूजन होते. पेढीच्या वहीशेजारी यंदा सुनेची किंवा मुलीची एक वेगळी वही ठेवता येईल. तिच्यात खरेदी, विक्री, तिचे तास आणि तिची मजुरी तिच्याच हस्ताक्षरात असावी, आणि बँकेतील खाते तिच्या एकटीच्या सहीने चालणारे असावे.