मांजरच ना!

आमची ठमी गेली, तेव्हा समाचाराला आलेल्या सात जणांपैकी पाच जण एकच वाक्य बोलले, "मांजरच ना! दुसरं आणा." उरलेले दोघे चहाची वाट बघत होते, म्हणून बोलले नाहीत.

या 'च'ला माझा सक्त विरोध आहे. नारळ नासका निघाला, तर दुसरा आणतात. ठमी म्हणजे नारळ नव्हे. चौदा वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात जिन्याखाली कुडकुडणारं ते मूठभर पिल्लू आम्ही दत्तक घेतलं, असा आमचा समज होता. महिन्याभरात माझी खुर्ची, हिची उशी आणि दुधावरची साय यांच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, तेव्हा कळलं, दत्तक आम्ही गेलो होतो!

शेजारचे अण्णा म्हणजे जाणकार. म्हणाले, "कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. तिला तुमचं काय हो?" अण्णा, मग ऐकाच. चार वर्षांपूर्वी वाडा सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा ठमीला पिशवीत घालून आणली. तीन दिवस ती कपाटाखालून हलली नाही. चौथ्या दिवशी निघाली, ती नव्या घराकडे ढुंकूनही न बघता माझ्या मांडीवर येऊन बसली. घर बदललं होतं, मांडी तीच होती.

म्हातारपणी पुष्कळ मांजरांची मूत्रपिंडं थकतात. तिचीही थकली. मांजरं दुखणं लपवतात. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शेवटच्या रात्री ती हिच्या जुन्या लुगड्याच्या घडीवर पडून होती. मी शेजारी मांडी घातली. कशीबशी सरकत आली आणि तिने डोकं टेकवलं. 'मांजर घराचं' म्हणे!

प्राचीन इजिप्तमध्ये मांजर मेलं की घरातली माणसं भुवया भादरत, असं हिरोडोटसने लिहून ठेवलंय. (कुत्रं गेलं तर डोक्यासकट सर्वांग! अण्णांनी आपल्या मोत्याला जपावं.) मी भुवया राखल्या, पण ऑफिसातून रजा घेतली. साहेबांनी विचारलं, "कोण गेलं?" आणि मी, लेकाचा भित्रा, म्हणालो, "मावशी."

वाघाची, एवढं सांगायचं राहिलं.

तेव्हा रागवायचंच, तर आधी स्वतःवर. उद्या साहेबांना खरं सांगणार आहे. ते हसले तर हसोत. आणि दुसरं मांजर म्हणाल, तर आणीनही. पण आधी हिच्यासाठी रडून होऊ दे.